कोविडच्या बॅचेस आणि बाळंतपणाचा हात: राहून गेलेला सराव कसा भरून काढायचा?

शेवंती
मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदी लागली, नर्सिंगची वसतिगृहं रिकामी झाली आणि एएनएम, जीएनएम, बीएस्सीच्या मुली घरी गेल्या. बाळंतपणं काही कुणासाठी थांबत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये मुंबईचं नायर रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं आणि करोनाबाधित गरोदर बायकांची बाळंतपणं तिथे मोठ्या संख्येने होऊ लागली. अशा गरोदर बायकांची माहिती गोळा करणारी प्रेगकोविड ही नोंदणीही त्याच कामातली. म्हणजे शिकण्यासारखं भरपूर घडत होतं, शिकणाऱ्या मुली मात्र मोबाईलसमोर बसल्या होत्या. पुढे ३ मे २०२१ ला केंद्राने शेवटच्या वर्षाच्या जीएनएम-बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड ड्यूटीवर घ्यायचं ठरवलं, १०० दिवस पूर्ण करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्यही जाहीर झालं. पण ऑक्सिजन आणि सॅच्युरेशन बघून बाळंतपणाचा हात बसत नाही.

त्या बॅचेस आता उपकेंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत कामाला लागल्या आहेत. पुन्हा कधी रुग्णालयातलं पोस्टिंग बंद पडलं तर पहिल्या दिवसापासून काय करायचं, आणि ज्यांचा सराव राहिला त्यांचा आता कसा भरून काढायचा, हे इथे लिहूया. कृती, मापं आणि चुका लिहा. आठवणी नकोत, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू.

सुरुवात पीव्हीपासून, म्हणजे बोटांनी आतून करायच्या तपासणीपासून करते, कारण ऑनलाइन वर्गात सगळ्यात आधी तेच बुडालं. गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय हे डोळ्यांनी शिकता येत नाही.

पहिली पायरी: स्वतःच्या बोटांचं माप काढा. पट्टीवर तर्जनी आणि मधलं बोट फाकवून ४, ६ आणि ८ सेंमीला ताण कुठे जाणवतो ते बघा. "दोन बोटं उघडलंय" ही भाषा धोक्याची, कारण एकीचं बोट सव्वा सेंमी तर दुसरीचं पावणेदोन. मग जाड पुठ्ठ्यात ३ ते ९ सेंमीची गोल भोकं कापा, पुठ्ठा कापडी पिशवीत घाला आणि न बघता आकडा सांगा. आधी उघड्या हाताने, मग एक ग्लोव्ह घालून, मग दोन. कोविडमध्ये दोन ग्लोव्ह्ज घालून पीव्ही करावी लागे, आणि दुसरा ग्लोव्ह चढवला की आकडे कसे हलतात ते इथेच कळतं.

पुठ्ठ्याची खोट अशी की त्याची कड कडक असते. खरं तोंड मऊ असतं, आणि कळा पुढे गेल्यावर कागदासारखं पातळ होतं. त्यासाठी दुसरी पायरी: फुग्यात टेबल टेनिसचा चेंडू घाला, फुगा फुगवा, तोंडाला गाठ मारा आणि चेंडू फुग्याच्या मानेपाशी आणा. मग गाठ सोडा, चेंडू बूच होऊन बसतो. आता वरून दोन्ही हातांनी, कळ आल्यासारखं, थांबून थांबून दाबा. आधी मान आखूड होते, मग उघडायला लागते. पहिलटकरणीत तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडतं हे फळ्यावर दहादा सांगून पटत नाही, फुग्यात एकदा दिसलं की पुरतं. टेबल टेनिसच्या चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे चेंडूचा मधला भाग मानेतून निसटतो तेव्हा ४ सेंमी झालं. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीचा आलेख, भरायला सुरुवात करायची ती नेमकी हीच खूण.

पिनार्ड
शेवंतीताई, बोटांइतकेच कानही राहिले. पीपीईच्या पूर्ण सुटाची टोपी कानांवरून घट्ट बसते. स्टेथोस्कोप आत जात नाही, आणि फिटोस्कोपला (पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायच्या नळीला) कान टेकवायचा तर मधे कापडाचा थर आणि चेहरा थेट बाईच्या पोटावर. म्हणून कोविड लेबर रूममध्ये फिटोस्कोप बाजूला पडला आणि हातात धरायचा डॉपलर, म्हणजे ठोके ऐकवणारं यंत्र, आला. शिकणाऱ्या मुलींचं त्यात दुहेरी नुकसान झालं. डॉपलर आकडा दाखवतो म्हणून मोजायची सवय गेली, आणि बाळाची पाठ कुठे आहे ते आधी हाताने शोधायची गरजही वाटेनाशी झाली. प्रोब फिरवत राहा, कुठेतरी लागतंच.

इथे फसगत होते ती आईच्या नाडीची. डॉपलर आईच्या मोठ्या रक्तवाहिनीचे ठोकेही तितक्याच खणखणीत ऐकवतो. आईला ताप असेल, धाप लागली असेल, तर तिची नाडी १२० च्या वर सहज जाते आणि पडद्यावर "बाळ १२४" असं छान दिसतं. करोनाबाधित बाईत तर हे हमखास. उपाय सोपा आहे: एक हात प्रोबवर, दुसऱ्या हाताने आईची मनगटावरची नाडी. दोन्ही ठोके एकाच तालात पडत असतील तर ते बाळाचे नाहीत, जागा बदला.

कान तयार करायला मोबाईलवरचं मेट्रोनोम पुरतं. एकीने १००, १४०, १८० असा कुठलाही वेग लावायचा, आवाज बारीक ठेवून फोन उशीखाली सरकवायचा. दुसरीने पूर्ण एक मिनिट मोजून आकडा सांगायचा. १५ सेकंद मोजून चारने गुणणाऱ्यांची एका ठोक्याची चूक चारची होते. शिवाय कळ ओसरल्यावर मंदावलेले ठोके किती वेळात पूर्ववत झाले हे त्यांना कधी कळतच नाही. पहिल्या अवस्थेत दर अर्ध्या तासाने, जोर द्यायला लागल्यावर दर ५ मिनिटांनी, आणि ऐकायचं ते कळ ओसरता ओसरता.

डॉपलर एकीकडून दुसरीकडे नेताना प्रोबवर ग्लोव्ह चढवायचा, आत थोडी जेली, बाहेर थोडी. आतली जेली विसरली तर मधे हवा राहते आणि आवाजच येत नाही. मग "मशीन बिघडलं" म्हणून नोंद.

रानजाई
पीपीईचा विषय निघालाच आहे तर लेबर रूमची बाजू लिहिते. घालायचा आणि काढायचा क्रम भिंतीवर लावलेला असतो, तो इथे उतरवत नाही. काढताना चूक कुठे होते ते बघायचं असेल तर गुलाल वापरा. चमचाभर गुलाल थोड्या खोबरेल तेलात कालवून बाहेरच्या ग्लोव्ह्जला चोळायचा, मॅनिकिनवर (सरावाच्या बाहुलीवर) एक पूर्ण बाळंतपण करायचं, मग नेहमीसारखं सगळं उतरवायचं आणि आरशात बघायचं. डाग बहुतेक तीन जागी सापडतात: मनगटाच्या आतल्या बाजूला, हनुवटीखाली आणि कानामागे. मनगटाचा डाग म्हणजे आतला ग्लोव्ह बाहीच्या वर राहिला होता. हनुवटीचा डाग म्हणजे चेन उघडताना बोट लागलं. कानामागचा डाग मास्कच्या पट्ट्यांचा. दर पायरीला हात का चोळायचे हे त्यानंतर सांगावं लागत नाही. तेलाने ग्लोव्हचं रबर खराब होतं, म्हणून ते ग्लोव्ह्ज सरावानंतर टाकून द्यायचे.

दुसरी गोष्ट ट्रेची. एकदा सूट चढवून आत गेलं की विसरलेली वस्तू आणायला बाहेर येता येत नाही आणि काचेपलीकडे हाक ऐकू जात नाही. त्यामुळे ट्रे सूट घालण्याआधी लावायचा आणि दुसरीने वाचून तपासायचा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायचं ऑक्सिटोसिन ५ युनिटच्या अँप्यूलमध्ये येतं, १० युनिटसाठी दोन अँप्यूल लागतात. घाईत एकच भरली जाणं ही नेहमीची चूक. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून ट्रेवर बर्फाच्या पॅकवर. डोकं दिसायला लागलं की सिरिंज भरून तयार हवी, कारण बाळ बाहेर आल्यापासून मिनिटाभरात, पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही याची खात्री करून, मांडीत सुई गेली पाहिजे. दोन ग्लोव्ह्ज घालून अँप्यूलची मान मोडणं हेही वेगळं शिकायचं काम आहे. काचेने ग्लोव्ह कापला जातो, म्हणून मान गॉजमध्ये धरून मोडायची. सराव निर्जंतुक पाण्याच्या अँप्यूलवर करा.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, बाळाच्या कोपऱ्याची. करोनाबाधित आईच्या टेबलापासून बाळाचा कोपरा किमान २ मीटर लांब ठेवावा असं आपल्याकडच्या तज्ज्ञ संघटनांनी सांगितलं. कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात न रडलेलं बाळ पुसून, नाळ कापून, दोन मीटर चालत नेऊन, मान सरळ करून, गरज असेल तर तोंड-नाक साफ करून मास्क लावायचा, आणि हे सगळं पहिल्या मिनिटात. नेहमीच्या सरावात मॅनिकिन टेबलावरच पडलेलं असतं, त्यामुळे चालण्याची ही सेकंदं कुणी धरतच नाही. घड्याळ लावून बघा. नाळेला लावायचे दोन चिमटे आणि कात्री हाताशी नसेल तर मिनिट तिथेच संपतं.

मास्क धरण्याचं म्हणाल तर अंगठा आणि तर्जनीचा इंग्रजी सी, उरलेल्या तीन बोटांचा ई. ग्लोव्ह एक नंबर मोठा असेल तर करंगळी हनुवटीऐवजी गळ्यावर जाते आणि श्वासनलिकेवरच दाब येतो. मिनिटाला ४० ते ६० वेळा बॅग दाबायची, मोठ्याने म्हणत: "दाब, दोन, तीन". गॉगलवर वाफ असल्यावर छाती उचलली का ते दिसत नाही. तेव्हा पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या मैत्रिणीने "उचलली", "नाही उचलली" असं दर वेळी सांगायचं. मॅनिकिनमध्ये पाणी भरायचा कंटाळा करू नका. निओनॅटाली या बाळाच्या मॅनिकिनमध्ये सुमारे २ लिटर कोमट पाणी भरलं की बाळासारखं वजन येतं आणि मान खरी लुळी पडते. हवा भरलेलं मॅनिकिन उचलायला सोपं असतं, म्हणूनच ते खोटं शिकवतं.

अबोली
रानजाईताई, पीपीईत बाईला आपला चेहरा दिसत नाही, आवाज घोगरा येतो. अशा वेळी तिला जोर कधी द्यायचा, कधी थांबायचं, हे कसं सांगायचं?

रानजाई
अबोली, छातीवर आणि पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव आणि हुद्दा लिहायचा, ही झाली पहिली गोष्ट. आणि खुणा कळा जोरात नसतानाच ठरवून घ्यायच्या: तळहात उघडा म्हणजे थांब, फुंकर घाल. मूठ म्हणजे जोर दे. डोकं बाहेर येताना "थांब, फुंकर" हे सगळ्यात महत्त्वाचं, तिथे गोंधळ झाला तर खाली फाटतं. तिच्या तोंडावर मास्क असतो, म्हणून फुंकर दिसत नाही, पोट बघायचं. वाक्यं तीन शब्दांपेक्षा मोठी नकोत. बरोबर तिच्या सोबतीची बाई असू द्यावी, कोविड असला तरी, असंच जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सोबत बंद केली आणि सगळा भार या खुणांवर आला. ते चुकलंच.

माणदेश_पीएचसी
रक्तस्रावाचा अंदाज ही माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव. ऑनलाइन शिकलेल्या बॅचला "५०० मिली म्हणजे पीपीएच" (बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव) हे पाठ असतं, पण ५०० मिली साडीवर सांडलं की कसं दिसतं हे माहीत नसतं. आणि अनुभवी माणसंही डोळ्यांनी कमीच सांगतात, जितकं जास्त जातं तितकं अधिक कमी.

खोटं रक्त असं करा: १ लिटर पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवून उकळायचं, गार झालं की खाण्याचा लाल रंग आणि अर्धा चमचा कॉफी. नुसत्या रंगाचं पाणी कापडात फार लांब पसरतं आणि प्रमाणाबाहेर भीती दाखवतं, म्हणून हा दाटपणा. मग मोजून ५०, १००, २५०, ५०० मिली चार ठिकाणी ओता: सॅनिटरी पॅडवर, सुती साडीच्या घडीवर, गादीवरच्या मेणकापडावर आणि किडनी ट्रेमध्ये. प्रत्येकीने आकडा चिठ्ठीवर लिहायचा, बोलायचा नाही, नाहीतर पहिलीने सांगितलेल्याच आकड्याभोवती सगळ्या फिरतात. चिठ्ठ्या उघडल्या की ट्रेमधला अंदाज बहुधा जवळपास, घडीतल्या साडीचा निम्म्यावर. घडी रक्त आत पिते आणि वर डाग तेवढाच दिसतो.

तुमच्या ट्रेमध्ये किती मावतं ते आधी पाण्याने मोजून ट्रेच्या तळाला रंगाने लिहून ठेवा, कंपनीगणिक ते बदलतं.

त्याहून भरवशाचं म्हणजे वजन. कोरड्या कापडाचं आधी, भिजल्यावर नंतर, फरक ग्रॅममध्ये तोच साधारण मिलीमध्ये. कोरडी साडी १८० ग्रॅम, भिजून ४३०, म्हणजे २५० मिली गेलं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. गर्भजल मिसळलं तर हिशेब चुकतो, म्हणून बाळ बाहेर आल्या आल्या खालचं कापड बदलायचं. नवं कापड टाकण्यापासून मोजणी सुरू.

आणि मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी, जी आता प्रशिक्षणांत दाखवतात, ती आपल्या शेजारची आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखायच्या औषधाच्या अभ्यासात ती वापरली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासातही रक्त अशा पिशवीने मोजून लगेच पोट चोळणं, औषध, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एका दमात करण्यावर भर होता, आणि गंभीर रक्तस्राव निम्म्याहूनही कमी झाला. पिशवी नसेल तर मेणकापडाला खाली नरसाळ्यासारखी घडी घालून बादली लावता येते. वापरण्याआधी बादलीवर आतून दर १०० मिलीला रेघ ओढा.

थेम्सकाठ
तुलनेसाठी ब्रिटनचं लिहितो. इथे मिडवाइफरीच्या विद्यार्थिनीला स्वतःच्या हाताने ४० बाळंतपणं करावी लागतात. संधीच मिळाली नाही तर ३० पर्यंत सूट, पण वर आणखी २० बाळंतपणांत मदत केलेली असली पाहिजे. हा आकडा महामारीतही उडवला नाही. २०२० मध्ये इथल्या नियामक परिषदेने आणीबाणीचे तात्पुरते नियम काढले: पहिल्या वर्षाच्या मुलींना पूर्ण वेळ थिअरी, दुसऱ्या वर्षाच्या आणि तिसऱ्याच्या सुरुवातीच्या मुलींनी तयारी दाखवली तर ८० टक्के वेळ रुग्णालयात, शेवटचे सहा महिने राहिलेल्यांना पूर्ण वेळ, आणि हे काम पगारी. कोण आत, कोण बाहेर हे वर्षानुसार ठरलं, म्हणून ज्यांचं शिक्षण संपत आलं होतं त्यांची बाळंतपणं बुडाली नाहीत. आपल्याकडे सगळ्यांना एकाच दिवशी घरी पाठवलं आणि सगळ्यांना एकाच वेळी परत बोलावलं. परत आल्यावर एका बाईभोवती दहा मुली, त्यातल्या नऊ बघणाऱ्या.

शेवंती
थेम्सकाठ, पगाराचा मुद्दा आपल्याकडे जखमेवर मीठ आहे, तो बाजूला ठेवते. गर्दीवर मात्र एक पद्धत चालते. एका बाळंतपणाला तीनच मुली, आणि तिघींची कामं ठरलेली. एक बाळंतपण करते, दुसरी बाळाची, तिसरी पार्टोग्राफ आणि वेळा लिहिते. पुढच्या बाळंतपणाला चक्र एकाने पुढे. बघणारी कुणीच नाही. तिसरीचं काम हलकं समजू नका. पाणमोट कधी फुटली, डोकं कधी दिसलं, बाळ कधी, सुई कधी, वार (प्लॅसेंटा) कधी पडली, हे सगळं मिनिटासकट तिच्याकडे असतं. काम झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचायचं. कुठे वेळ गेला ते तिथल्या तिथे कळतं.

अबोली
तो पार्टोग्राफच नीट जमत नाही. ऑनलाइन वर्गात पडद्यावर रेघा दिसायच्या पण कुठून सुरू करायचं ते कळलं नाही. आणि आता लेबर केअर गाइड म्हणून नवीन आलंय, ते वेगळं का?

शेवंती
आलेखाच्या वहीवर काढ, छापील फॉर्मची वाट बघू नकोस. उभ्या बाजूला सेंटिमीटर, आडव्या बाजूला तास. ४ सेंमीपासून तासाला एक सेंमी चढणारी रेघ ती अलर्ट रेघ. म्हणजे सावध व्हायची. तिच्या उजवीकडे ४ तासांवर समांतर दुसरी, ती ॲक्शन, म्हणजे कृती करायची. हमखास चूक एकच: बाई ६ सेंमीवर दाखल झाली तरी मुली पहिली फुली डाव्या कडेला शून्य तासावर मारतात. तसं केलं की ती सुरुवातीपासूनच अलर्टच्या डावीकडे, म्हणजे सगळं छान, आणि दोन तास फुकटचे मिळाल्यासारखे. पहिली फुली अलर्ट रेघेवरच, ६ च्या उंचीवर मारायची आणि दाखल झाल्याची वेळ तिच्याखाली लिहायची.

हे सोडवून बघ. सकाळी ८ ला ४ सेंमी. दुपारी १२ ला ६ सेंमी. अलर्ट रेघ १२ ला ८ वर असते, म्हणजे ही बाई तिच्या दोन तास उजवीकडे सरकली. ॲक्शनला दोन तास बाकी. उपकेंद्रात असशील तर गाडी आत्ता बोलवायची, २ वाजता नाही, कारण ॲक्शनच्या रेघेला बाई रुग्णालयात पोचलेली हवी.

कळांचे चौकोन: १० मिनिटांत जितक्या कळा तितके चौकोन. २० सेकंदांपेक्षा छोट्या असतील तर ठिपके, २० ते ४० ला तिरप्या रेघा, ४० च्या वर पूर्ण काळे. कळ मोजायची ती पोटावर हात ठेवून. बाई ओरडली म्हणजे कळ असं नसतं, आणि पीपीईत तर ओरडणंही कमी ऐकू येतं.

माणदेश_पीएचसी
जागतिक आरोग्य संघटनेचं लेबर केअर गाइड डिसेंबर २०२० मध्ये आलं, ऐन महामारीत, म्हणून बऱ्याच ट्यूटरांच्याही हातून निसटलं. फरक असा की सक्रिय अवस्था, म्हणजे तोंड वेगाने उघडायचा टप्पा, ४ ऐवजी ५ सेंमीपासून धरतात आणि तासाला एक सेंमीची तिरपी रेघ नाही. प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत: ५ वर ६ तास, ६ वर ५ तास, ७ वर ३ तास, ८ वर अडीच, ९ वर २. वरच्या उदाहरणातली बाई सकाळी ८ ला ४ सेंमीवर आहे, तेव्हा या हिशेबाने तिची सक्रिय अवस्था सुरूच झालेली नाही. म्हणून दोन्ही तक्ते एकाच बाईवर कधी मिसळायचे नाहीत. शिवाय यात सोबतची बाई आहे का, पाणी प्यायली का, कुठल्या स्थितीत आहे, हेही रकाने आहेत. परीक्षेला तुमच्या कॉलेजात जे चालतं ते लिहा, कामाला जिथे लागाल तिथला फॉर्म.

पिनार्ड
केसबुकाचं, म्हणजे विद्यार्थिनीने केलेल्या बाळंतपणांच्या नोंदवहीचं, कुणीतरी बोला. बीएस्सीच्या जुन्या अभ्यासक्रमाप्रमाणे २० बाळंतपणं हातून व्हायला हवी होती. कोविडच्या काळात भरलेल्या किती केसबुकांत मॅनिकिनची बाळंतपणं खऱ्यांच्या रांगेत बसली असतील, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी लिहीत नाही.

शेवंती
मॅनिकिनचा सराव लपवायची गरज नाही, वेगळा लिहायची आहे. केसबुकाच्या मागून पानं सुरू करायची, हिरव्या शाईने, वर "सराव" असा शिक्का. त्यात कोणतं कौशल्य, कितव्यांदा, किती सेकंदांत, कुठे अडलं. पुढच्या बाजूला फक्त खऱ्या बायका, आणि त्यातही "केलं", "मदत केली", "पाहिलं" असे तीन वेगळे रकाने. कामावर घेणाऱ्या सिस्टरला हे पान दिसलं की तिला कळतं, या मुलीला पहिली पाच बाळंतपणं एकटीवर सोडायची नाहीत. खोटा २० दिसला की ती रात्रपाळीला एकटी.

माझा साधा हिशेब असा: बॅग-मास्क, ऑक्सिटोसिन, नाळ, वार तपासणं, पार्टोग्राफ, रक्ताचं माप, एवढं मॅनिकिनवर जवळपास पूर्ण बसतं. पीव्ही अर्धी बसते. डोकं बाहेर येताना हाताला जाणवणारा दाब आणि खालच्या भागाचा ताण मॅनिकिनवर बसत नाही. रबर नेहमी सारख्याच ताकदीने परत ढकलतं. त्यासाठी सिस्टरच्या हातावर हात ठेवूनच शिकायचं, दुसरा रस्ता नाही.

रानजाई
वार तपासण्याचं लिहिलंत म्हणून. जुन्या लाल टॉवेलची, मागून भागाभागांत शिवलेली वार करा, पुढून गुळगुळीत साटीन. नाळेला कापडी नळी, तिच्यात दोन बारीक आणि एक जाड दोरी, म्हणजे दोन धमन्या आणि एक शीर. एक भाग टिचबटणाने सुटणारा ठेवा. ट्यूटरने तो काढून बादलीत टाकायचा आणि मुलीने "वार पूर्ण" म्हटलं की तो बादलीतून बाहेर काढायचा. एकदा झालं की पुढच्या वेळी ती प्रत्येक भाग बोटांनी जोडून बघते.

खाली फाटलं तर घालायच्या टाक्यांच्या सरावासाठी स्वयंपाकघरातला जाड स्पंज, त्यावर जुन्या पायमोज्याचं पातळ कापड ताणून. नुसत्या स्पंजमधून टाका ओढला की फाटतो आणि मुली सैल टाके घालायला शिकतात. कापड ते थांबवतं. पहिला टाका फाटलेल्या टोकाच्या वर १ सेंमी, कारण आत आखडून गेलेली रक्तवाहिनी तिथे असते.

माणदेश_पीएचसी
एक वादाचा विषय टाकतो: जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण. ०.५ टक्क्यासाठी १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, १ टक्क्यासाठी ३० ग्रॅम, ताज्या, ३३ टक्क्यांच्या पावडरीचा हा हिशेब. उघड्या पोत्यातली महिनाभर जुनी पावडर असेल तर तोच हिशेब पोकळ. प्लॅस्टिकची बादली, गार पाणी, रोज ताजं. कोविडमध्ये "जास्त घातलं तर जास्त मरेल" म्हणून अंदाजाने ओतलं गेलं, कात्र्या गंजल्या आणि बंद खोलीत सगळ्यांचे डोळे चुरचुरले. फिनेल किंवा ॲसिड त्यात कधीच मिसळू नका.

रानजाई
आणि अवजारं रक्तासकट १० मिनिटं बुडवायची की आधी धुवायची? आपल्या प्रशिक्षण पुस्तिकेत आधी बुडवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या पुस्तिकेत धुण्याआधी बुडवू नका.

माणदेश_पीएचसी
परीक्षेत पुस्तिकेप्रमाणे. कारण मात्र समजून घ्या: रक्त क्लोरीनला खाऊन टाकतं, म्हणून रक्ताने माखलेलं अवजार बुडवलं की द्रावण तिथेच निकामी होतं, वर धातूला खड्डे पडतात. बुडवायचंच असेल तर १० मिनिटांवर एक मिनिट नाही, आणि पाणी लालसर झालं की बदला. त्यानंतर जाड रबरी हातमोजे घालून, कात्रीचा सांधा उघडून, साबणाच्या पाण्याखाली ब्रशने घासणं. तो सांधा उघडायचं राहतं, तिथेच घाण वाळते.

अबोली
शेवटचा प्रश्न. आई पॉझिटिव्ह असेल तर नाळ लगेच कापायची, असं आम्हाला तेव्हा एका वर्गात सांगितलं होतं. ते बरोबर का?

शेवंती
नाही. बाळ रडत असेल, श्वास ठीक असेल तर आई पॉझिटिव्ह असली तरी १ ते ३ मिनिटं थांबायचं, हेच जागतिक आरोग्य संघटनेने महामारीतही कायम ठेवलं. बाळ पुसून आईच्या छातीवर, तिच्या तोंडावर मास्क, हात धुतलेले, आणि चिकाचं दूध तासाभरात. लगेच कापायची ती फक्त बाळ श्वास घेत नसेल आणि बॅग-मास्कला न्यायचं असेल तेव्हा. केसबुकात कापल्याची वेळ लिहितेस ना, तिच्याशेजारी का कापली तेही लिहीत जा.